'१८ महिन्यांत पायलट' या संदेशात काय सांगायचे राहते

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : बारावीनंतर १८ महिन्यांत पायलट होता येते, २०० तास उड्डाण केले की परवाना मिळतो आणि प्रवासी विमान हाती येते, देशाला ३० हजार वैमानिक हवे आहेत, त्यामुळे नोकरी पक्की, घाई असेल तर परदेशात शिकावे, चष्मा असेल तर मात्र नाद सोडावा. शेवटचे वाक्य सोडले तर यातल्या प्रत्येक विधानाला कुठेतरी खरा आधार आहे, आणि म्हणूनच चांगले शिकलेले पालकही त्यावर विश्वास ठेवून कर्जाचे अर्ज भरतात.

२०० तासांचा आकडा बरोबर आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांप्रमाणे व्यावसायिक परवान्यासाठी तेवढे तास लागतात. त्यांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन उडावे लागते आणि ३०० सागरी मैलांचे एक उड्डाण दोन वेगळ्या विमानतळांवर उतरत पूर्ण करावे लागते. अडचण तासांची नसून दिवसांची आहे. सकाळी विद्यार्थी सेसना या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या पंखाखालून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढतो, त्याची फिकट निळी छटा पाहतो, तळाशी पाण्याचा थेंब तर बसलेला नाही ना हे उजेडाकडे धरून तपासतो, मग विमानाभोवती फेरी मारून टायर, तेल, पंखांच्या हलत्या झडपा पाहतो. आणि एवढे सगळे होईपर्यंत दृश्यमानता पाच किलोमीटरच्या खाली गेली, तर तो एकटा उडू शकत नाही आणि उड्डाणतासांच्या नोंदवहीत त्या दिवसापुढे शून्य तास पडतात. प्रशिक्षण संस्था असलेल्या बारामती आणि गोंदियाला पावसाळ्यात असे दिवस ओळीने येतात, तर उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजला, जिथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, हिवाळ्यातले धुके हेच काम करते. त्यात एखादे विमान देखभालीसाठी हँगरमध्ये गेले, प्रशिक्षकाने विमान कंपनीत नोकरी धरली, की रांग आणखी लांबते. हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षांत प्रत्येकी ७० टक्के गुण लागतात, ते वेगळेच. २०२५ मध्ये डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. १८ महिन्यांत पूर्ण करणारे विद्यार्थी असतात. परंतु दोन ते तीन वर्षे धरून पैशांचे गणित मांडणे शहाणपणाचे.

परवाना मिळाला की प्रवासी विमान हाती येते, हे विधान अर्धवट आहे. या परवान्यावर ५,७०० किलोपर्यंतच्या विमानाचे प्रमुख वैमानिक होता येते. त्याहून जड विमानात सहवैमानिक म्हणूनच बसता येते, आणि एअरबस ए३२० चे उड्डाणाच्या वेळचे वजन ७८ टनांच्या आसपास जाते. शिवाय त्या विशिष्ट विमानाचे 'टाइप रेटिंग', म्हणजे ते विमान उडवण्याची वेगळी पात्रता, घ्यावे लागते, ज्याला पुन्हा दहा लाखांहून अधिक खर्च येतो. मूळ प्रशिक्षणाचे ४०-५० लाख सांगणाऱ्या जाहिराती बहुधा इथे मौन पाळतात. कप्तान होण्यासाठी लागणारा पुढचा परवाना १,५०० तासांनंतरचा आहे.

आता नोकरीविषयी. ३० हजारांचा आकडा हवेतून आलेला नाही. केंद्र सरकारकडूनच तो सांगितला गेला आहे, पण येत्या १५ ते २० वर्षांसाठी. संदेशात ही मुदत गळून पडते. कंपन्यांना खरी चणचण भासते ती अनुभवी कप्तान आणि प्रशिक्षकांची. नुकताच परवाना हाती आलेला २०० तासांचा मुलगा किंवा मुलगी त्या गणतीत बसत नाही. हा व्यवसाय चढउतारांचाही आहे : किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये, आणि प्रत्येक वेळी हजारो तासांचे वैमानिक त्याच दारांशी उभे राहिले, जिथे नवशिके आधीपासून उभे होते. वाट पाहण्याचाही खर्च असतो, आणि तो कोणी सांगत नाही. उपकरणांच्या आधारे उडण्याचे 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग' दर १२ महिन्यांनी चाचणी देऊन चालू ठेवावे लागते, म्हणजे नोकरी नसतानाही विमानाचे भाडे भरून उडावे लागते. कर्जाचा हप्ता तोवर सुरू झालेला असतो.

परदेशात तास लवकर भरतात, हे खरे. अमेरिकेत वा दक्षिण आफ्रिकेत विमाने अधिक, उडण्याजोगे दिवसही अधिक. तथापि तिथला परवाना इथे तसाच चालत नाही. त्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करताना डीजीसीएची परीक्षा आणि उड्डाणचाचणी द्यावी लागते, आणि वाचलेल्या महिन्यांपैकी बरेचसे त्यात जातात.

चष्म्याची गोष्ट तर सरळ चुकीची आहे. चष्मा लावून नजर ठरलेल्या मापात येत असेल, तर परवाना मिळू शकतो. रंग ओळखण्यातला दोष अधिक गंभीर मानला जातो आणि तो घरी कोणाच्या लक्षातही आलेला नसतो. त्यामुळे आधी 'क्लास २', म्हणजे प्राथमिक, आणि त्यानंतर 'क्लास १', म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठीची, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत कोणत्याही संस्थेला शुल्काचा पहिला हप्ता देऊ नये.