अलिबागचा निवांत दिवस, तिथी न बघता

अलिबागला जाऊन एक दिवस निवांत घालवायचा ठरलाच असेल, तर कॅलेंडर फक्त लाल आकडे शोधायला उघडा. लाल आकड्याशेजारी बारीक अक्षरात तिथी छापलेली असते, तिच्याकडे ढुंकूनही बघू नका. ती वाचली की घोळ सुरू होतो. कोकणपट्टीत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पुनव-अवसेला सव्वाअकरा-बाराच्या. तिथून सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर एवढ्यावर भागतं. चतुर्थी-पंचमी धरायची आणि सकाळी नऊ-दहाच्या ओहोटीला किनाऱ्यावर हजर राहायचं. म्हणजे पहाटे उठणं आलं. सुट्टीत कोण उठतं?

तुम्ही पौर्णिमेचा रविवार धरा, नाश्ता उरकून आरामात निघा आणि बरोब्बर बाराला पोचा. समोर किल्ला, मध्ये उधाणाचं पाणी. ‘आज पाणी का आहे?’ असं शहाळेवाल्याला जरूर विचारा. त्याचा दिवस बरा जातो. अष्टमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी मिळेल खरी, पण ते भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस. पाणी फारसं उतरतच नाही.

चुकून चतुर्थी साधलीच, तर निदान उशीर तरी करा. सव्वानऊला पाणी पूर्ण ओसरतं, तुम्ही साडेदहाला चालायला लागा. पाणी फिरल्यावर पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा चढतं, त्यामुळे ‘अजून घोट्याएवढंच तर आहे’ असं म्हणायला भरपूर वाव असतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते. हे दोन तास, म्हणजे साधारण सव्वाअकरा ते सव्वा, तुम्ही किल्ल्यातच काढायचे. रघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. त्यांवर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलंय, ते वाचत बसू नका, मुलांना वर बसवून फोटो काढा. बाहेर याल तेव्हा घोडागाडीचा भाव पाण्याबरोबर चढलेला असेल. तिथे घासाघीस करण्यात आणखी वीस मिनिटं घालवता येतात. खडकांवरून उतरायचं तर चपला हातात घ्या. कालवांच्या शिंपांची धार काय असते ते तळपायाला एकदाच कळतं, आणि शेवाळाचं काम वेगळंच. अगदीच अडकलात तर किल्ल्यात गोड्या पाण्याची सोय आहे. समुद्रात किल्ला बांधणाऱ्यांनी तेवढा विचार केलेला असतो.

परत किनाऱ्यावर आलात की ब्लूटूथ स्पीकर काढा. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये मुंबईच्या कुलाब्याहून हलवली, कारण तिकडे विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाला अलिबागची शांतता मानवली. तुम्हाला मानवलीच पाहिजे असं कुठे आहे?

आता मुख्य कार्यक्रम: गाडी वाळूत नेणे. मनाई असेल तर ती दुसऱ्यांना, हे गृहीतच आहे. किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यातली कोरडी वाळू भुसभुशीत असते. तिथे चाक फिरू लागलं की दाबा ॲक्सिलरेटर. जितका दाबाल तितकं चाक स्वतःचा खड्डा खोल करतं, आणि थोड्याच वेळात गाडी पोटावर टेकते. मग चाकं नुसती हवेत फिरल्यासारखी फिरतात. शहाणी माणसं इथे इंजिन बंद करतात, चाकांपुढची वाळू हाताने उपसतात, टायरची हवा बत्तीसवरून सोळा-अठरावर आणतात म्हणजे टायर पसरून वजन वाटलं जातं, खाली पायपुसणी टाकतात आणि दुसऱ्या गिअरवर अलगद निघतात. एवढ्या खटपटीपेक्षा ओल्या, घट्ट पट्ट्यावर, अगदी पाण्याच्या कडेला उभी करून जेवायला जाणं सोपं. घट्ट वाळू फक्त ओहोटीपुरती घट्ट. लाट आली की टायरखालची वाळू बाजूने काढून नेते, दुसरी लाट आणखी थोडी, आणि गाडी जागच्या जागी खाली बसते. मग ट्रॅक्टरवाला येतो. त्याला तिथी पाठ असते.

जेवण घरगुतीच हवं, मात्र आधी फोन करू नका. सकाळी माणसं किती ते सांगितलं तर बाजारातून तेवढेच मासे येतात, तेवढ्याच भाकऱ्या थापल्या जातात. अकराजण अडीच वाजता दारात उभे राहिलात तर यजमानांचं कौशल्य दिसतं. पापलेटच मागा, दुसऱ्या माशाचं नाव आठवत नसलं तर अडत नाही. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा तर ‘आजचं ताजं आहे ना?’ हे हमखास विचारा. वेटर ‘हो’ म्हणेल.

निघताना पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायची. अलिबागचा कांदा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. तुम्ही दिवाळीत आलात तरी रस्त्याकडेला काहीतरी पांढरं लटकत असतंच. चव बघू नका, वेणी बघा.

परतीला संध्याकाळचे पाच उत्तम. कार्ले खिंडीपासून पेणपर्यंत सगळे तेव्हाच निघतात, सोबत राहते. मांडव्याहून लाँच तासाभरात गेटवेला लावते, पण मग वाळू काढलेली गाडी कुणी न्यायची? आणि घरी पोचल्यावर गाडीच्या पोटाखाली पाण्याचा फवारा मारत बसू नका. खारं पाणी पत्र्याला लागून राहिलं, की सायलेन्सर पुढच्या पावसाळ्याच्या आसपास स्वतःच बोलायला लागतो.