पालीचा थ्री-बीएचके

आमच्या घराण्याचा पालीशी संबंध आजवर एकाच वस्तूमार्फत आला: केरसुणी. साताऱ्याच्या घरी ट्यूबलाइटच्या पट्टीवर अंड्याचं टरफल अडकवलेलं असायचं (शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं, कारण आमच्याकडे अंडं चालत नसे), खिडकीत मोरपीस असायचं, आणि या दोन्हींच्या बरोबर मध्ये पाल निवांत बसलेली असायची. ती चुकचुकली की आजी टिचकी वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. अंगावर पडली तर पंचांग निघायचं. त्यातल्या पल्लीपतनाच्या कोष्टकात डोकं, खांदा, उजवा हात, डावा पाय असा एकेका अवयवाचा निकाल दिलेला असतो, आणि आमच्या पंचांगात सगळ्यात चुरगळलेलं पान तेच होतं.

अशा घरातला मी. आता शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो, आणि भर जानेवारीत पालीच्या घराला कुठली फरशी शोभेल याचा विचार करत हार्डवेअरच्या दुकानात उभा असतो.

मुलीने आधी कुत्रा मागितला होता. तो मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिच्या आईला केसाळ प्राण्यांची ॲलर्जी आहे. आम्ही नाही म्हणालो, आणि नाही म्हटल्यावर आई-बापांच्या चेहऱ्यावर जी अपराधी कळा येते ती पुरती पसरेपर्यंत ती थांबली. मग लॅपटॉप उघडला. लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची पाळीव पाल. केस नाहीत. भुंकत नाही. फिरवायला न्यावी लागत नाही. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत अशा कोरड्या, खडकाळ मुलखातली. “म्हणजे आपल्यासारखीच देसी आहे, बाबा.” पुढच्या स्लाइडवर या पालीची एक चुलत बहीण महाराष्ट्रातल्या डोंगरांतही राहते असं होतं. मग नाव. पिवळं अंग, वर काळपट ठिपके, म्हणून ‘थालीपीठ’. मराठी शाळेला दर रविवारी नेऊन सोडल्याचं फळ असं मिळतं.

“पण आधी घर,” ती म्हणाली. “घराचं तापमान नीट लागल्याशिवाय ती येणार नाही.” आमच्या लग्नात मुलीकडच्यांनीसुद्धा घराची इतकी चौकशी केली नव्हती.

दुकानात पालीचं तयार किट मिळतं. मोठ्ठा खोका, वर हसऱ्या पालीचं चित्र. मी तो उचलून गल्ल्याकडे निघालो तर मुलीने हातातून काढून घेतला आणि तिथेच त्याची उलटतपासणी घेतली. आत वाळू होती. वाळू नको, किडा पकडताना तोंडात जाते आणि आतड्यात अडकू शकते. गरम होणारा नकली दगड होता. तो तर मुळीच नको, पोट भाजतं. रात्री लावायचा लाल दिवा होता. पालीला लाल उजेड दिसत नाही म्हणतात ते खोटं आहे, तिची झोप मोडते. उरला एक प्लॅस्टिकचा निवडुंग. तो निरुपद्रवी होता, पण एका निवडुंगासाठी तेवढे डॉलर मोजायची माझी तयारी नव्हती. पाळीव प्राण्यांच्या दुकानात निम्मा माल प्राण्यासाठी नसतोच, तो विकत घेणाऱ्याच्या हौसेसाठी असतो, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

मग सुटे भाग. आधी काचेची पेटी, ४० गॅलनची. थेंबभर पाणी न भरायची पेटी गॅलनमध्ये का मोजतात ते विचारून उपयोग नाही. तीन फूट बाय दीड फूट समजायचं. ती ठेवायची कुठे यावर दोन दिवस गेले. खिडकीजवळ नको, उन्हाने काच तापते. दाराजवळ नको, झोत लागतो. टीव्हीजवळ नको, आवाज. या सगळ्या अटींत बसणारी आणि शेजारी प्लग असणारी एकच भिंत घरात निघाली, आणि तिथे आमचा देव्हारा होता.

आई त्या वेळी आमच्याकडे होती. दिवाळीला आली आणि नातीने आग्रह केला म्हणून हिवाळाभर राहिली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “जन्मभर देव्हाऱ्यामागनं पाली हाकलल्या. आता मांडून बसवा.” बायकोने, “आई, पडदा लावते मी मध्ये,” अशी तोड काढली. पडदा लावला. तो कोणाला कोणापासून झाकतो यावर अजून एकमत नाही.

खरी कसोटी तापमानाची. पालीच्या घराचं एक टोक गरम लागतं आणि एक गार. तिला स्वतःच्या अंगची ऊब नसते, त्यामुळे ती दिवसभर इकडून तिकडे सरकत आपला पारा सांभाळते. गरम टोकाची जमीन ९० फॅरनहाइटच्या आसपास, गार टोक ७५ ते ८०. त्यासाठी पेटीच्या एक तृतीयांश भागाखाली गरम होणारी चटई चिकटवायची. चटई नुसतीच लावली तर तापत तापत पाल भाजेल इतकी जाते, म्हणून तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र. थर्मोस्टॅटची तार नेमकी फरशीवर टेकली पाहिजे. ती हलली तर त्याला वाटतं गारठा पडला, आणि तो चटई पेटवत सुटतो. आणि थर्मोस्टॅट खरं बोलतोय का ते पाहायला तापमान मोजायचं पिस्तूल.

हे पिस्तूल घरात आलं आणि बायकोच्या हातात गेलं. तिने तव्याचं तापमान घेतलं. फुगलेल्या पोळीचं घेतलं. चहा गार झाला अशी माझी तक्रार आली की ती पुरावा मागू लागली. एकदा मी घोरत असताना माझ्या कपाळाचं घेतलं आणि “गार टोक” असा शेरा मारला.

आता इलिनॉयचा जानेवारी म्हणजे बाहेर उणे. गॅसचं बिल पाहून मी घरचा थर्मोस्टॅट ६८ वर ठेवतो आणि सगळ्यांना स्वेटर घालायला सांगतो, हे माझं धोरण अनेक वर्षं टिकलेलं. ते एका संध्याकाळी कोसळलं. आई शाल, कानटोपी, वुलनचे मोजे अशा थाटात पेटीच्या गरम टोकाला खुर्ची लावून बसली होती आणि दोन्ही तळवे काचेवर टेकवले होते. “इथंच जरा बरं वाटतं,” ती म्हणाली. “पोरगा पालीला नव्वद देतो, आईला अडुसष्ट.” त्या रात्रीपासून घर ७२ वर आहे.

तर खोल्या. पालीला लपायला किमान तीन जागा लागतात: एक गरम टोकाला, एक गार टोकाला आणि एक दमट. कोरड्या मुलखातली असली तरी कात टाकताना तिला ओल लागते. ओल नसली तर जुनी कातडी बोटांवर अंगठीसारखी आवळून बसते आणि रक्त थांबून बोटंच झडतात. दुकानात दमट गुहा म्हणून जे काही मिळत होतं ते महाग होतं. इथे आई आणि नात यांची पहिल्यांदा युती झाली. आपल्याकडे श्रीखंडाचा डबा कधी टाकला जात नाही, हे शास्त्र आईने सातासमुद्रापार आणून आमच्या कपाटात रुजवलंय. नातीने त्यातला एक काढला, बाजूला भोक पाडलं, त्याची धार नेलकटरच्या कानशीने घासून गुळगुळीत केली, आत ओलं शेवाळ भरलं. डब्यावर ‘केशर वेलची’ लिहिलेलं आहे, त्यामुळे गृहनिर्माणात जी नावाची पाटी लागते तीही आयती झाली.

फरशी म्हणून न्हाणीघरातल्या उरलेल्या स्लेटच्या लाद्या कापून घेतल्या. पाणी प्यायला वाटी. कॅल्शियमची बुटकी बशी. घर आठवडाभर रिकामं चालवलं. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत. मग एका पालनकर्त्याकडून थालीपीठ आली. वर्षाची, अंगावरचे लहानपणीचे पट्टे मोडून ठिपके धरू लागलेली. मादी आहे, असं तो खात्रीने म्हणाला. या पालींत अंडं किती उबेत ठेवलं त्यावर नर की मादी ते ठरतं. आईने हे ऐकलं आणि इतकंच म्हणाली, “बरं झालं, सासूला दोष देता येत नाही.”

थालीपीठ पेटीत उतरली. जिभेने दोन्ही डोळे पुसले. हिला पापण्या आहेत, भिंतीवरच्या पालीला नसतात. मग ती तिन्ही खोल्यांवरून चालत गेली आणि सुरुवातीला विष्ठा तपासायला सोपं पडावं म्हणून एका कोपऱ्यात अंथरलेल्या पेपर टॉवेलच्या घडीखाली शिरून झोपली. पुढचे कित्येक दिवस ती तिथेच. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, आणि त्यांना श्रीखंडाचा डबा दिसायचा.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण बायकोला त्या विषयावर बोललेलं आवडत नाही. जिवंत नाकतोड्यांच्या जातीचे क्रिकेट नावाचे किडे. त्यांना आधी गाजर खाऊ घालायचं, मग पिशवीत घालून कॅल्शियमच्या पिठात घोळवायचं, मग वाढायचे. पहिल्याच खेपेला काही निसटले आणि फ्रिजखाली गेले. त्यांतले नर रात्रभर किरकिरत होते. मी आणि बायको टक्क जागे. सकाळी आई प्रसन्न चेहऱ्याने उठली. “इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली,” म्हणाली. “रातकिडे ओरडत होते ना, घरी असल्यागत वाटलं.” फ्रिज सरकवायचा बेत त्यामुळे बारगळला.

देव्हाऱ्याशेजारच्या मांसाहाराचा प्रश्नही आईनेच सोडवला. मोठ्या झालेल्या या पालीला रोज जेवण लागत नाही, शेपटीत चरबी साठवून ती एक-दोन दिवसाआड खाते. “म्हणजे निम्मा महिना उपास करते,” आई म्हणाली. “आपल्यापेक्षा सोवळी आहे.” शिवाय हिच्या बोटांना चिकटपणा नाही, भिंतीवर चढताच येत नाही, तेव्हा अंगावर पडायचीही शक्यता शून्य, आईने बरोबर आणलेल्या पंचांगातलं ते पान यंदा उघडलं गेलं नाही.

मार्चमध्ये आईची परतीची बॅग भरायला घेतली. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सुनेने घेतलेला स्वेटर हे सगळं तिने बाजूला सारलं आणि म्हणाली, “मला ती पालीच्या खालची चटई हवी. गुडघ्यांना. नवी कोरी आण, तिची काढू नको.” मी समजावलं की इथली चटई १२० व्होल्टची, साताऱ्याला २३०ची वीज, लावल्या क्षणी जळेल; चालवायची तर ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो लोखंडासारखा जड असतो.

“पालीला थर्मोस्टॅट आणलास ना?” आई म्हणाली. “मग मला ट्रान्सफॉर्मर आण.”