पाटीवर 150 असेल तर 225 बसवू नका

"बोटीवरच्या पाटीकडे लक्ष देऊ नका, परवडेल तेवढं मोठं इंजिन बसवा," असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या गोव्यातल्या बोटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतोय. (पाटी म्हणजे त्या बोटीला जास्तीत जास्त किती एचपीचं इंजिन चालेल, हे लिहून कंपनी बोटीवर लावते ती.) माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, मग 225च घेऊया ना?" त्याची 18 फुटी सेंटर कन्सोल (मधोमध सुकाणू असलेली उघडी बोट) पणजीजवळच्या मालीमला येऊन उभी आहे, इंजिनाचे पैसे याच आठवड्यात भरायचेत आणि त्या बोटीतून तो गिऱ्हाइकांना गळाने मासे धरायला समुद्रात नेणार आहे. माणसांच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे त्याला एकट्याला उत्तर न देता इथे लिहितोय.

मेसेजचा पहिलाच दावा सगळ्यांत घातक आहे: "कंपनी कोर्टकचेरीच्या भीतीने पाटीवर कमी एचपी लिहिते. ट्रान्सम दीडपट सहज पेलतो." (ट्रान्सम म्हणजे इंजिन लटकवायची बोटीची मागची फळी.) साफ खोटं. हा आकडा कुणी भीतीने लिहीत नाही, तो मोजून काढलेला असतो. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, शीर्षक 33, भाग 183 मध्ये, 20 फुटांपेक्षा लहान, एका हलच्या (एकाच सांगाड्याच्या) बोटींसाठी त्याचं सूत्रच छापलेलं आहे. बोटीची लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी, दोन्ही फुटांत. येणारा गुणाकार 52 च्या वर असेल, बोटीला रिमोट स्टिअरिंग (इंजिनाचा दांडा हातात न धरता लांबून चाकाने वळवायची सोय) असेल आणि ट्रान्सम किमान 20 इंच उंच असेल, तर गुणाकाराची दुप्पट करून त्यातून 90 वजा करायचे. भाच्याची बोट 18 फूट, ट्रान्सम 6 फूट 8 इंच. गुणाकार 120, दुप्पट 240, वजा 90. उरले 150. पाटीवरही 150च आहे. आता याच सूत्रात एक अट बदलून बघा. रिमोट स्टिअरिंग नसेल, तर सपाट तळ नसलेल्या त्याच मापाच्या बोटीला गुणाकाराच्या 0.8 पटीतून 25 वजा करायला सांगितलंय, म्हणजे 71, पाचाच्या पुढच्या पटीत 75. फळी तीच, तरी मर्यादा निम्म्यावर येते. म्हणजे हा नियम फळीच्या ताकदीपुरता नाही. तेवढी ताकद हातात असताना बोट ताब्यात राहील का, हे त्यात बघितलेलं आहे.

"तो अमेरिकेतल्या तळ्यांचा नियम, आपल्या समुद्राला लागू नाही," असंही मेसेजमध्ये आहे. कायदा म्हणून तो आपल्याकडे लागू नाही, हे खरं. पण बोटीचा मागचा भाग पाण्यात किती बसतो, हे देश बघून ठरत नाही. गोव्यात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी वायव्येचा वारा सुटतो. बाहेरून मांडवीच्या मुखात शिरताना लाट मागून येते. अशा वेळी पुढे एखादी होडी आडवी आली आणि थ्रॉटल झटकन खाली घेतला, की आपणच उठवलेली लाट आणि मागून येणारी लाट, दोन्ही एकदम ट्रान्समवर आदळतात. मागे मोठ्या इंजिनाचं जास्तीचं वजन लटकवून तिथली उंची आधीच कमी केली असेल, तर पाणी थेट आत येतं. डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकंही तोवर पाण्याखाली गेलेली असतात, मग त्यांतूनही ते उलटं आत शिरतं. शापोऱ्याच्या किंवा बेतूलच्या मुखावर, वाळूच्या पट्ट्याजवळ लाट फुटत असताना, हे सगळं घडायला फार वेळ लागत नाही.

त्यावर कडी म्हणजे "नोंदणीच्या आधी पाटी काढून ठेवा" हा सल्ला. असं अजिबात करू नका. बोटींची नोंदणी करणाऱ्या बंदर कप्तान खात्यापासून माहिती लपवायची, विमा कंपनीला दावा नाकारायचं कारण आपल्याच हाताने द्यायचं, आणि पुढे ही बोट विकत किंवा भाड्याने घेणाऱ्याला मर्यादा कळण्याचा मार्गही बंद करायचा. हे लिहिणाऱ्याने बोटीत बसणाऱ्यांचा विचारच केलेला नाही.

पुढे म्हटलंय, "एचपी दीडपट केला की वेग दीडपट." पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग साधारण एचपी आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. 150 चे 225 केले तर वेग वाढेल सुमारे 22 टक्के, तोही वजन तेवढंच राहिलं तर. 30 नॉटचे साधारण 37 होतील. 18 फुटी बोटीत, गोव्यातल्या लाटांवर, गिऱ्हाइकं बसलेली असताना 37 नॉटने कोण जाणार आहे?

मेसेजमध्ये एक हिशेबही आहे: "दर 25 पौंडांना 1 एचपी." हा अंदाज म्हणून वाईट नाही, मात्र लिहिणाऱ्याने स्वतः तो करून बघितलेला दिसत नाही. रिकामी बोट 850 किलो, इंजिन 220, दीडशे लिटर पेट्रोल 110, पाच माणसं 375, बर्फ, गळ, नांगर वगैरे 100. एकूण 1,655 किलो, म्हणजे साधारण 3,650 पौंड. भागिले 25, उत्तर 146. त्यांच्याच हिशेबाने 150 येतात. मग 225 आले कुठून?

"एकापेक्षा दोन 115 बसवा, एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर तेवढ्याच वेगाने परत याल." या वर्गाचं चार-स्ट्रोक इंजिन एकेक 170 किलोच्या आसपास असतं. दोन मिळून 340. एका 150 च्या मानाने 120 किलो जास्त, तेही सगळं ट्रान्समच्या मागे लटकलेलं. शिवाय एकूण 230 एचपी झाले, म्हणजे पाटी पुन्हा मोडलीच. राहिलेल्या एका 115 वर, बंद पडलेल्या इंजिनाचं ओझं घेऊन, भरलेली बोट अनेकदा पाण्यावर उचलतच नाही. ती शेतातल्या नांगरासारखी पाणी कापत हळूहळू येते. आणि दोन्ही इंजिनं एकाच टाकीतलं पेट्रोल पीत असतील, तर पाणी मिसळलेलं पेट्रोल दोघांनाही एकदमच बंद पाडेल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल ओलावा ओढून घेतो, आणि बहुतेक आउटबोर्ड (ट्रान्समवर लटकवायच्या) इंजिनांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांचीच मर्यादा आहे. सुरक्षिततेची खरीच काळजी असेल तर आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर बघा. लांब जाणाऱ्या 25-26 फुटी बोटीला दोन इंजिनं जरूर बसवा, पण टाकी आणि बॅटरी वेगवेगळ्या ठेवून.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. "लहान इंजिन पेट्रोल वाचवतं हा गैरसमज आहे," असं मेसेज म्हणतो, त्यात तथ्य आहे. जड बोटीला 75 चं इंजिन लावून सतत पूर्ण थ्रॉटलवर पळवलं तर पेट्रोलही जास्त जातं आणि इंजिनही लवकर झिजतं. 150 चं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला 50 लिटरच्या आसपास पितं, 4,000 आरपीएमच्या सुमारास साधारण निम्मं. तेव्हा हाताशी ताकद राखून असावी, हे बरोबर. ती पाटीच्या आत राहून राखायची.

"कंपनीने दिलेला प्रोपेलर बदलू नका," हा शेवटचा सल्लाही चुकीचा. या वर्गातली बहुतेक इंजिनं पूर्ण थ्रॉटलला 5,000 ते 6,000 आरपीएमवर जायला हवीत. भाच्याने 150 घ्यावं. तीनच माणसं नेणार असेल तर 115 सुद्धा पुरेल. पैसे देताना विक्रेत्याकडून टाकी भरून, पाचही माणसं बसवून चाचणी करून घ्यावी. आकडा 5,000 च्या खाली राहिला तर प्रोपेलरचा पिच (एका फेरीत तो पाण्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर, इंचांत) कमी करायला सांगायचं. एका इंचाला साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो.