क्रूझवर जागा कशी धरावी

क्रूझचं बुकिंग केलंत? छान केलंत. सोलापुरात पारा ४४च्या आसपास घुटमळायला लागला की माणसाला समुद्र आठवतोच, आणि आपला समुद्र म्हणाल तर उजनीचं बॅकवॉटर. आम्ही दोघं नुकतेच जाऊन आलो. मुंबईहून लक्षद्वीप, पाच रात्री. त्यात एक अख्खा दिवस बंदर नाही, उतरणं नाही, चहूकडं नुसतं पाणी. माहितीपत्रकात त्याला ‘निवांत दिवस’ म्हटलं होतं. तो कसा घालवायचा, हे मी सहप्रवाशांकडून शिकून आलोय.

जहाज सुटण्याआधी लाइफ जॅकेटची कवायत असते. टायटॅनिक १९१२ साली बुडालं, १९१४ साली बऱ्याच देशांनी लंडनला बसून करार केला, तेव्हापासून ही कटकट मागं लागलीय. तुम्ही सेल्फी काढा. बुडायची वेळ आलीच तर कुणाला तरी विचारून घेऊ की कुठं जमायचं ते.

मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, म्हणून ती उलटी झाल्यावर मागा.

लिफ्टची वरची-खालची दोन्ही बटणं दाबा.

फोन फ्लाइट मोडवर टाकू नका. किनारा मागं पडला की मोबाइल जहाजाच्या उपग्रहावरच्या नेटवर्कला चिकटतो आणि ते आपल्या रिचार्जमध्ये बसत नाही, पण घरी सांगायला नको का? डेकच्या मधोमध उभं राहून ओरडा, “समुद्रात हाय बे मी, समुद्रात! आज पाण्याचा दिवस हाय, मोटार लावली का?” इथं खोलीतल्या नळाला चोवीस तास पाणी, तेही समुद्राचंच गोडं केलेलं. (खोटं कशाला बोलू, पहिल्या रात्री मी बर्फाचं भांडं भरून ठेवलं होतं. सवय.)

आता मुख्य धडा, खुर्च्यांचा.

निवांत दिवशी पहाटे साडेपाचला उठा. सूर्योदय बघायला नव्हे, तो फुकट असतो आणि संपत नाही. वरच्या डेकवर सावलीतल्या आरामखुर्च्या मोजक्याच असतात. जहाजाचे टॉवेल काखोटीला मारून जा आणि एकेका खुर्चीवर एकेक टाका. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. अक्कलकोटच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून वाढलेली माणसं आपण. शिवाय सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेल टाकायचा पहिला हक्क आपलाच. टॉवेल संपले तर एक चप्पल ठेवा, दुसरी पुढच्या खुर्चीवर. पोरांची फुगवायची टायर ठेवा. आमच्या समोरच्या खुर्चीवर तर शेंगाचटणीचं पाकीट ऊन खात पडलं होतं, अर्धं फोडलेलं.

मग खोलीत जाऊन झोपा. जागा राहते.

आम्ही दहाला वर गेलो. हिचे गुडघे दुखतात, म्हणून सावलीतली एक खुर्ची हवी होती, एकच. अकरा रिकाम्या दिसल्या. राखणीला एक वहिनी, आपल्याच गावच्या.

“कुणी बसलंय का इथं?”

“येणारेत.”

“आणि इथं?”

“तीबी आमचीच हाय, काका.”

“कधी येणारेत?”

“येतील की!”

समोर पाटी होती, अर्धा तास रिकामी राहिलेली खुर्ची दुसऱ्याला मिळेल. तिथल्या पोऱ्याला पाटी दाखवली. तो पाटीकडं बघून हसला, वहिनींकडं बघून गप्प झाला. एवढ्या लांबून नोकरीला आलेलं पोरगं, त्यानं कशाला भांडण घ्यावं? आम्ही जिन्याच्या लोखंडी पायरीवर बसलो. अकरा वाजले. साडेअकरा. चटणीच्या पाकिटाला मुंग्या कुठून लागल्या देव जाणे, अरबी समुद्रात मुंग्या! साडेबाराला ती मंडळी उगवली, वहिनी धरून चार माणसं. मला वाटलं आता तरी बसतील. “चला, जेवण लागलं,” म्हणत टॉवेल गोळा केले आणि गेली. एक जण बसला नाही. एकसुद्धा!

कसला उपदेश आणि कसलं काय. अहो, चार माणसांना अकरा खुर्च्या कशाला लागतात? बसायचं नव्हतं तर समोर एक बाई गुडघे धरून पायरीवर बसलेली दिसत नव्हती का? पैसे आम्हीबी भरलेत. एसटीत रुमाल टाकणारा निदान त्या जागेवर बसून अक्कलकोटपर्यंत जातो तरी! तुम्ही नुसतं दुसऱ्याला बसू दिलं नाही. त्याला मजा करणं म्हणत नाहीत, माजलेपणा म्हणतात.

परवा नवी पेठेत त्याच वहिनी भेटल्या. ओळखीचं हसल्या.

“काय काका, मजा आली की नाही क्रूझला?”

नाही आली, वहिनी. अडीच तास लोखंडी पायरीवर बसून येत नसते.