भाजलेल्या जखमेवरचे नवे फोड: अँटिबायोटिक वाढवून भागत नाही

‘भाजलेल्या रुग्णाला धोका फक्त बॅक्टेरियाचा. सिल्व्हरचं मलम आणि तगडं अँटिबायोटिक पुरे. व्हायरस आलाच तर भेटायला येणाऱ्यांकडून येतो, आणि आपोआप जातो.’ हा मेसेज सध्या फिरतोय. तो वाचून कुणी गाफील राहू नये.

बॅक्टेरियाचा धोका सर्वांत मोठा, हे मान्य. पण मोठ्या भाजण्यानंतर टी-पेशी (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दुबळ्या होतात आणि शरीरात वर्षानुवर्षं दबा धरून बसलेले विषाणू डोकं वर काढतात. तापानंतर ओठाच्या कडेला पुळ्या आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर राहतो. म्हणजे लागण बहुतेकदा आतूनच होते. कांजिण्यांची गोष्ट वेगळी: त्या हवेतून पसरतात, म्हणून वॉर्डात एकाला निघाल्या तरी त्याला तातडीने वेगळ्या खोलीत हलवावं लागतं.

सिल्व्हर आणि अँटिबायोटिक इथे भरवशाचे नाहीत. हर्पिस बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, भरत आलेल्या जखमेवर उठतो. नाकातोंडाभोवती आणि त्वचारोपणासाठी कातडी काढलेल्या जागीही तो दिसतो. आधी पाणीदार पुळ्यांचा झुपका, मग त्या फुटून कातरलेल्या कडांचे छोटे खड्डे. अशा वेळी नेहमीचा पू-कल्चर रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा आला, तरी निश्चिंत होऊ नये. बॅक्टेरिया वाढवून पाहणाऱ्या त्या तपासणीत विषाणू दिसतच नाही. ताज्या पुळीचं टोपण उघडून तळाशी स्वॅब घासायचा, विषाणूसाठीच्या द्रवात बुडवायचा आणि पीसीआरला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला) पाठवायचा.

‘आपोआप जातो’ हा दावा सर्वांत घातक. भरत आलेली जखम पुन्हा खोल होते, लावलेली कातडी निसटते. विषाणू यकृतात किंवा फुप्फुसात पोचला तर जीव जाऊ शकतो. म्हणून लक्षणं गंभीर असतील तर रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात: प्रौढांना किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी. ५०० मिलिग्रॅमचा डोस १०० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून किमान तासभर सावकाश सोडायचा. घाई केली किंवा शरीरात पाणी कमी असलं, तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. म्हणून लघवी मोजायची, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) पाहायचं, ते वाढलेलं असेल तर डोस कमी करायचा.

सायटोमेगॅलोव्हायरसला (हर्पिसच्याच कुळातला, शरीरात दबून राहणारा विषाणू) मात्र उलटी सावधगिरी लागते. रक्तात तो नुसता सापडला म्हणून गॅन्सिक्लोव्हिर हे त्यावरचं औषध देऊ नये. त्या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात. डोळा, फुप्फुस, आतडं अशा अवयवाला इजा दिसली तरच ते द्यावं.

नातेवाइकांनी एवढं करावं: रुग्णाच्या ओठावर पूर्वी अशा पुळ्या यायच्या का, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावं. स्वतःच्या ओठावर पुळी असेल तर ती सुकेपर्यंत रुग्णाला हात लावू नये.