अ‍ॅडॉप्टर सोडा, आधी शटरचा आकडा बघा

लग्नाचा सीझन तोंडावर आला की कोल्हापुरातल्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: अ‍ॅडॉप्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधलं जोडकडं) लावून जुनी किंवा दुसऱ्या कंपनीची लेन्स वापरली की व्हिडिओ फ्लिकर होतो (चित्र लुकलुकतं किंवा त्यावर पट्टे सरकतात), कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स लावून बघा, लगेच थांबेल, अ‍ॅडॉप्टर वापरायचाच असेल तर शटर स्पीड वाढवा, उरलेलं एडिटिंगमध्ये निघतं. खाली अंगठ्यांची रांग आणि कुणाचं तरी "विषय हार्ड". हा मेसेज वाचून लोक चांगल्या लेन्सा कवडीमोलानं विकतात, आणि नव्या लेन्समधूनही पट्टे तसेच येतात.

"किट लेन्स लावली की फ्लिकर थांबतो" इथूनच सुरुवात करू, कारण सगळा मेसेज याच पुराव्यावर उभा आहे. थांबतो, हे खरं आहे. पण का थांबतो? गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एखाद्या पेढीवर कोल्हापुरी साजाचा रील काढायचा आहे असं धरा. काउंटरवर एलईडीचा लखलखाट. किट लेन्स 50 मिलिमीटरला ओढली की तिचं अ‍ॅपर्चर f/5.6 च्या आसपास येतं (उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं) आणि ऑटोवर असलेला कॅमेरा 1/50 शटर धरतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता उजेड घेतो. आता अ‍ॅडॉप्टर लावून जुनी 50 मिलिमीटर f/1.8 चढवली आणि पूर्ण उघडली. उजेड जवळजवळ दहापट आत यायला लागला. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आधीच तळाला असेल तर कॅमेऱ्याकडं एकच उपाय उरतो, शटर वाढवणं. तो गुपचूप 1/500 वर जातो आणि साजाच्या जावमण्यांवरून काळपट पट्टे सरकायला लागतात. आपण लेन्स बदलली एवढंच आपल्याला दिसलं. शटर बदललं ते कोपऱ्यातल्या बारीक आकड्यात होतं, तिकडं कोण बघतंय!

पट्टे येतात ते दिव्यामुळं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून तिच्यावरची जुनी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. 1/50 शटरमध्ये अशी दोन पूर्ण आवर्तनं मावतात, 1/100 मध्ये एक, त्यामुळं प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. 1/500 मध्ये आवर्तनाचा तुकडाच सापडतो. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, म्हणजे वरच्या ओळींना उजळ तुकडा आणि खालच्यांना मंद. चांगल्या ड्रायव्हरच्या (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) एलईडीत ही चढउतार फारशी नसते, म्हणून एका दुकानात त्रास होतो आणि शेजारच्यात होत नाही.

तेव्हा पुरावा द्यायचाच तर नीट द्या. मॅन्युअल मोड, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50, आयएसओ कायम, आणि मग दोन्ही लेन्सांनी तीच भिंत शूट करा. शंका उरली तर कॅमेरा उन्हात न्या. मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या काळात याच गावात बहुतेक शूटिंग उन्हात चालायचं, आणि ऊन 50 हर्ट्झवर चालत नाही. उन्हात फ्लिकर गेला तर अ‍ॅडॉप्टरला शिव्या देणं थांबवा.

यावरून "शटर वाढवा" या सल्ल्याचं काय करायचं ते कळलंच असेल. आगीत तेल आहे ते. उजेड जास्त होत असेल तर अ‍ॅपर्चर बंद करा किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा, पण 1/50 किंवा 1/100 सोडू नका. आणि मेनूत कॅमेरा एनटीएससीवर (30 फ्रेमची पद्धत) असेल तर पालवर (25 फ्रेमची) आणा. 30 फ्रेम आणि 1/60 ही जोडी आपल्या विजेशी जुळत नाही.

आता "जुनी लेन्स म्हणजे फ्लिकर". हेलिऑस 44-2 ही जुनी सोव्हिएत लेन्स हातात घेऊन रिंग फिरवा: भोकाच्या पात्या मिटतात आणि जिथं सोडल्या तिथंच राहतात. आत तार नाही, चिप नाही, मोटर नाही. तिचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे नुसतं धातूचं कडं. सेकंदाला अनेकदा उजेड बदलायला काहीतरी हलावं लागतं, आणि इथं हलणारं काहीच नाही. अशा जोडणीचे दोष आहेत, ते वेगळे: कडं ढिलं असेल तर फोकस करताना चित्र सरकतं, आतून चकचकीत असेल तर दिव्यासमोर धुरकट दिसतं, आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझरला (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला) फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचे मिलिमीटर, हातानं भरून दिली नाही तर फ्रेम लटपटते. या लटपटीलाही कुणी फ्लिकरच म्हणतं, तिथं गोंधळ वाढतो.

उलट टाइमलॅप्सवाले मुद्दाम अशा लेन्सा शोधतात. रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताचे शेकडो फोटो काढताना ऑटो अ‍ॅपर्चरची लेन्स प्रत्येक फोटोला पात्या मिटते आणि दर वेळी केसभर फरक पडतो. व्हिडिओ जोडला की आकाश थरथरतं. रिंगवाल्या लेन्सला हा रोगच नाही.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते एवढंच: इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडॉप्टर खरंच त्रास देऊ शकतो. कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं. ती सोनीच्या बॉडीवर चढवली की मधल्या अ‍ॅडॉप्टरला दोघांची भाषा सांभाळावी लागते. कॅमेऱ्याला ऑटोमध्ये अ‍ॅपर्चर हलवू दिलं तर उजेड पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. संपर्काच्या पिना मळल्या असतील तर अ‍ॅपर्चरच्या आकड्याच्या जागी मधेच नुसत्या रेघा दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. पट्टे सरकत असतील तर दिवा; अख्खी फ्रेम एकदम उजळत-मंदावत असेल तर अ‍ॅपर्चर किंवा ऑटो आयएसओ. अ‍ॅपर्चर हातानं ठरवा, पिना कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, अ‍ॅडॉप्टरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

एडिटिंगचं म्हणाल तर अख्खी फ्रेम थरथरत असेल तर डिफ्लिकर नावाचा इफेक्ट बऱ्यापैकी काम करतो. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो आहे, पण पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत. सरकते पट्टे मात्र चेहऱ्यावरून स्वच्छ निघत नाहीत, त्वचा मेणासारखी होऊन बसते.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच आणि लग्नात तीच सगळ्यात जास्त नडते, ती म्हणजे स्लो मोशन. 120 फ्रेमला शटर 1/120 पेक्षा हळू होऊच शकत नाही, म्हणजे दिव्याचं पूर्ण आवर्तन मावत नाही. लेन्स कुठलीही लावा, तसल्या दिव्यांखाली फ्लिकर येणारच. कॅमेऱ्यात 100 फ्रेम असेल तर 1/100 वर घ्या. कार्यालयातले एलईडी डिमरवर असतील तर तेही पुरेलच असं नाही, कारण डिमरची लुकलुक दर वेळी विजेच्या तालावर असतेच असं नाही. डिमर फुल करायला सांगा. आणि मॅनेजर ऐकत नसेल तर हळदीचा स्लो मोशन बाहेर अंगणात घ्या.