बिबट्याने जखमी झालात तर भरपाई, लसीने झालात तर कोर्टाची वाट

सिन्नर किंवा निफाड तालुक्यात बिबट्याने माणसावर हल्ला केला, तर वन विभाग पंचनामा करतो आणि सरकार भरपाई देते. मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याचीही रक्कम ठरलेली आहे. वन विभागाची चूक आधी सिद्ध करा, असे तिथे कुणी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. सरकारी योजनेतली नसबंदीची शस्त्रक्रिया फसली, तरी भरपाईची तरतूद आहे. मग सरकारने स्वतः आवाहन करून, स्वतःच्या केंद्रावर, स्वतःच्या कर्मचाऱ्याच्या हातून टोचलेल्या लसीने एखाद्याचे शरीर अधू झाले, तर त्याच्याकडेच निष्काळजीपणाचा पुरावा का मागितला जातो? या प्रश्नाने माझे डोके फिरते.

माझा मावसभाऊ नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामाला होता. २०२१ मध्ये कारखान्याच्या गेटवर कोविड लसीचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते. त्यालाही लस हवीच होती, कारण घरात वयस्कर माणसे होती. दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांतच पायांतली ताकद गेली, मग हातांतली, आणि डॉक्टरांनी जीबीएसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते त्या गियाँ-बारे आजाराचे, निदान केले. पुण्यातल्या साथीमुळे हे नाव पुढे घरोघरी पोचले, तेव्हा मात्र आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांसाठी मावशीने पाटल्या मोडल्या. आजही शर्टाचे बटण लावताना त्याची बोटे काजापाशी घसरतात, आणि मावशी काही न बोलता पुढे होऊन ते लावून देते.

जीबीएस जंतुसंसर्गानेही होतो, त्यामुळे त्याचा आजार लसीनेच झाला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ते ठरवणे हे लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या समित्यांचे काम आहे, आणि अशा समित्या जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत आहेत. आमच्या अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का बसला, त्यापुढे मात्र 'वर पाठवले आहे' याखेरीज एक अक्षर कळले नाही. हो म्हणा, नाही म्हणा, पण कारणे देऊन लेखी म्हणा, एवढी साधी अपेक्षा बाळगणाऱ्या माणसाला या टेबलावरून त्या टेबलावर टोलवत राहण्याचा अधिकार यांना कुणी दिला?

त्याहून चीड येते ती केंद्र सरकारच्या भूमिकेची. लसीकरणानंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींच्या पालकांच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिले गेले, त्याचा आशय असा होता की लस ऐच्छिक होती, सरकारवर दायित्व येत नाही आणि कुटुंबांनी हवे तर दिवाणी न्यायालयात दाद मागावी. ऐच्छिक? याच राज्यात नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने दोन डोस न घेतलेल्यांना मॉल आणि सार्वजनिक वाहतूक बंद झाली होती. ज्याची रोजीरोटी प्रमाणपत्रावर अडली होती, त्याला ऐच्छिक हा शब्द ऐकवताना जीभ कशी रेटते? आणि दिवाणी दाव्यात सिद्ध काय करायचे, तर निष्काळजीपणा. लस नीट बनवली होती, नीट साठवली होती, नर्सबाईंनी नीट टोचली होती, तरीही लाखांत एखाद्याच्या शरीरात विपरीत प्रतिक्रिया उमटते. कुणाचीही चूक नसताना झालेल्या इजेसाठी चूक शोधायला न्यायालयात धाडणे म्हणजे सरळसरळ हात झटकणे आहे.

जगाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. जर्मनीने १९६१ मध्ये अशी भरपाई सुरू केली आणि ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा केला. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने निधी उभा राहिला, आणि ज्या रोगांपासून लस संरक्षण देते त्यांतल्या प्रत्येकामागे, प्रत्येक डोसवर, ७५ सेंट कर घेऊन तो भरला जातो. आपल्याकडेही २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत भाग घेतलेल्या माणसाला त्या चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. म्हणजे चाचणीत जखमी झालेल्याला हक्क आहे, आणि तीच लस बाजूच्या आरोग्य केंद्रावर रांगेत उभे राहून घेणाऱ्यासाठी १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू होताना सरकारची कोणतीही भरपाई योजना नव्हती.

हे बोलले की लगेच लसविरोधी म्हणून शिक्का बसतो, आणि तो मला मुळीच मान्य नाही. देवी गेली, पोलिओ गेला, तो लसीमुळेच. आमच्या घरातल्या सगळ्या मुलांना सगळ्या लसी वेळेवर दिल्या आहेत आणि पुढेही देऊ. लोकांचा विश्वास उडतो तो इजा झालेल्याला वाऱ्यावर सोडल्यामुळे.

देशात कोविड लसीचे २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले. डोसमागे एक रुपया बाजूला काढला असता, तरी २२० कोटींचा निधी उभा राहिला असता. तो उभारा, इजांची यादी जाहीर करा, अर्ज निकाली काढण्याची मुदत ठरवा, आणि समितीचा निर्णय कारणांसह, मराठीत, सहीशिक्क्यानिशी त्या कुटुंबाच्या हातात द्या.